सह्याद्री उतरून येणारी विमानं

पावसाळा ओसरला की कामशेतच्या डोंगरधारेवर पॅराग्लायडर उडू लागतात. पश्चिमेचा वारा डोंगराला अडून वर चढतो आणि त्या चढत्या वाऱ्याच्या पट्ट्यात पाच-सात जण एकाच वेळी धारेला धरून ये-जा करत राहतात. इंजिन नाही, रडार नाही. तरीही ते एकमेकांवर आदळत नाहीत, कारण जगभरच्या पॅराग्लायडरांनी पाळायचे नियम इथेही पाळले जातात. दोघं समोरासमोर आले तर ज्याच्या उजव्या हाताला डोंगर आहे त्याने आपली वाट सोडायची नाही. दुसऱ्याने दरीच्या बाजूला वळायचं, कारण पहिल्याला उजवीकडे वळायला जागाच नसते. वर चढणाऱ्या उष्ण हवेत जो आधी शिरला, तो ज्या दिशेने घिरट्या घालतो त्याच दिशेने मागून येणाऱ्यांनी फिरायचं. हे सगळं डोळ्यांनी दिसतं म्हणून चालतं.

त्यांच्या बऱ्याच वरून, पूर्वेकडून आणि आग्नेयेकडून मुंबईला निघालेली प्रवासी विमानं घाट ओलांडत असतात. कामशेतपासून नवी मुंबईचा विमानतळ सरळ रेषेत जेमतेम 30 नॉटिकल मैल. उतरणारं विमान साधारण तीन अंशांच्या उताराने खाली येतं, म्हणजे दर नॉटिकल मैलाला सुमारे 300 फूट. त्या हिशेबाने धावपट्टीपासून 30 मैलांवर विमान नऊ-दहा हजार फुटांवर असायला हवं. मावळातून दिसतात ती उतरणीला लागलेली विमानं. जुलै-ऑगस्टमध्ये ती दिसतही नाहीत, ढगाच्या वर नुसता आवाज येतो. त्या ढगात वैमानिकालाही बाहेरचं काही दिसत नाही. शेजारून दुसरं विमान तशाच वेगाने तशीच उतरण घेत असेल, तर दोघांमधलं अंतर राखायचं कुणी आणि कशाच्या आधाराने? मुंबईच्या आकाशात हा प्रश्न पुढच्या काही वर्षांत रोजचा होणार आहे. त्याची उत्तरं शोधायला जगाला निम्मं शतक लागलं, आणि त्यातला काही भाग आपल्या सह्याद्रीतच घडला आहे.

15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या मातीच्या मैदानावर उतरले, तेव्हा आकाशात त्यांच्या जवळपास दुसरं कुणी नव्हतं. त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट तेच टपाल पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला घेऊन गेले. त्या काळी वैमानिकाला डोंगर, पाऊस आणि इंधन एवढ्या तीनच गोष्टींची काळजी असे. जुहूचं मैदान पावसाळ्यात चिखलाने निकामी होई. दुसऱ्या महायुद्धात सांताक्रूझला लष्करी विमानतळ झाला आणि युद्धानंतर तोच मुंबईचा मुख्य नागरी विमानतळ ठरला. त्या पिढीच्या विमानतळांची आखणी वाऱ्याकडे बघून होत असे. विमानं हलकी होती, आडव्या वाऱ्याने ती धावपट्टीवरून ढकलली जात, म्हणून वेगवेगळ्या दिशांच्या धावपट्ट्या एकमेकींना छेदत बांधायची पद्धत होती. लंडनच्या हीथ्रोची पहिली आखणी अशीच सहा धावपट्ट्यांच्या षट्कोनी ताऱ्यासारखी होती. मुंबईत एक धावपट्टी पूर्व-पश्चिम आणि दुसरी वायव्य-आग्नेय, अशी दोघींची फुली आजही आहे. त्या वेळी ते शहाणपणाचंच होतं. विमानं मोठी आणि जड झाल्यावर आडव्या वाऱ्याचा धाक कमी झाला आणि गर्दीचा वाढला. तोवर मुंबईच्या विमानतळाला चारी बाजूंनी वस्तीने वेढलं होतं. हीथ्रोने आपल्या तिरक्या धावपट्ट्या एकेक करून मोडीत काढल्या आणि दोन समांतर धावपट्ट्या ठेवल्या. मुंबईला तशी मोकळीक मिळाली नाही.

पण विमानापासून विमान दूर ठेवण्याआधी विमानापासून डोंगर दूर ठेवायला शिकावं लागलं, आणि ती शिकवणी फार महाग पडली. तीन तारखा पाहा. 12 जुलै 1949 रोजी के.एल.एम. कंपनीचं ‘फ्रानेकर’ नावाचं कॉन्स्टेलेशन विमान सांताक्रूझला उतरताना घाटकोपरच्या टेकडीवर आपटलं. 45 माणसं गेली, त्यात इंडोनेशियाचा दौरा करून परतणारे 13 अमेरिकी पत्रकार होते. 7 जुलै 1962 च्या रात्री अलितालियाचं डीसी-8 जेट सिडनीहून रोमला जाताना बँकॉकहून मुंबईकडे येत होतं. जुन्नर तालुक्यातल्या दावंड्याच्या डोंगरावर, माथ्याच्या अवघे काही फूट खाली, ते धडकलं. विमानातले सगळे 94 जण गेले. 4 ऑगस्ट 1979 रोजी इंडियन एअरलाइन्सचं पुण्याहून मुंबईला निघालेलं ॲव्रो विमान पनवेलजवळच्या डोंगराला धडकलं आणि 45 जण मरण पावले. पुणे-मुंबई! घाट उतरायचा, एवढाच प्रवास.

तिन्ही महिने पावसाचे, तिन्ही विमानं मुंबईला उतरण्याच्या बेतात. जुन्नरच्या अपघाताचा निष्कर्ष मला सर्वांत बोलका वाटतो. आपण विमानतळाच्या जवळ आलो आहोत असं वैमानिकाला वाटलं आणि त्याने उतरायला सुरुवात केली. प्रत्यक्षात मुंबई अजून 80 किलोमीटरहून अधिक दूर होती आणि मध्ये सह्याद्री उभा होता. विमानात बिघाड नव्हता. वैमानिकाच्या मनातली विमानाची जागा आणि खरी जागा यांच्यात फरक पडला होता. आकाशात अंतर राखण्याच्या सगळ्या विद्येचा पाया इथे आहे. आधी प्रत्येक विमान नेमकं कुठे आहे हे ठाऊक हवं, मगच दोघांमधलं अंतर मोजता येतं.

त्यासाठी जे यंत्र आलं त्याचं नाव इन्स्ट्रुमेंट लँडिंग सिस्टिम, आयएलएस. धावपट्टीच्या टोकापलीकडून एक अँटेना रेडिओलहरींचे दोन झोत सोडते, एक किंचित डावीकडे, एक किंचित उजवीकडे. एकावर 90 हर्ट्झचा सूर चढवलेला असतो, दुसऱ्यावर 150 चा. विमान बरोबर मध्यरेषेवर असेल तर दोन्ही सूर सारखे येतात आणि कॉकपिटमधली सुई मध्यभागी राहते. जरा सरकलं की एक सूर वरचढ होतो आणि सुई हलते. हा झाला लोकलायझर. उताराची रेषाही अशाच दोन झोतांनी आखली जाते, तिला ग्लाइडस्लोप म्हणतात. ढगाच्या आतूनही विमान एका अदृश्य रेषेवरून घसरत यावं अशी ही सोय आहे. एक विमान एका रेषेवर इतकं नेमकं राहू शकतं म्हटल्यावर पुढचा विचार कुणाच्याही मनात आला असता. शेजारी दुसरी धावपट्टी बांधली आणि तिची अशीच दुसरी रेषा आखली, तर दोन विमानं शेजारी शेजारी उतरतील का?

या प्रश्नाकडे वळण्याआधी न्यूयॉर्कची एक घटना सांगितलीच पाहिजे, कारण मुंबईशी तिचं नातं फार जवळचं आहे. 16 डिसेंबर 1960 ची सकाळ, ढग आणि बर्फ. युनायटेड एअरलाइन्सचं डीसी-8 विमान आयडलवाइल्ड विमानतळाकडे, म्हणजे आजच्या जे.एफ.के.कडे, येत होतं. टी.डब्ल्यू.ए.चं कॉन्स्टेलेशन त्याच शहरातल्या लाग्वार्डिया विमानतळाकडे उतरत होतं. युनायटेडच्या विमानाला एका ठरलेल्या बिंदूपाशी घिरट्या घालत थांबायचं होतं. त्याचा एक दिशादर्शक रेडिओ बंद होता, विमान वेगात होतं, आणि तो बिंदू मागे टाकून ते थेट दुसऱ्या विमानतळाच्या वाटेत शिरलं. स्टेटन आयलंडवर टक्कर झाली. जेट ब्रुकलिनच्या रस्त्यावर कोसळलं. विमानांतले 128 आणि जमिनीवरचे सहा, एकूण 134 बळी. दोन वेगळे विमानतळ, दोन वेगळ्या वाटा, आणि मधलं अंतर राखणारा जो एक बिंदू होता तो चुकला.

त्यानंतर अमेरिकेत रडारवर मोठा पैसा ओतला गेला आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला शिकागोच्या ओ’हेअरला समांतर धावपट्ट्यांवर एकाच वेळी, यंत्रांच्या आधाराने विमानं उतरवण्याचा प्रयोग नियमित झाला. धावपट्ट्यांमध्ये किमान किती अंतर हवं, याचा आकडा मात्र एका दिवसात ठरला नाही. सुरुवातीला तो दीड किलोमीटरहून जास्त होता. 1974 मध्ये तो 4300 फुटांवर, म्हणजे 1310 मीटरवर आला. 1991 मध्ये, अधिक जलद रडार असेल तर 3400 फूट, म्हणजे 1035 मीटर, चालतील असं ठरलं. आंतरराष्ट्रीय नियमांतही हेच दोन आकडे आहेत. त्याहून जवळ, 915 मीटरपर्यंत, धावपट्ट्या असतील तर विमानं खांद्याला खांदा लावून उतरवता येत नाहीत. एकाच्या मागे तिरकं दुसरं, मध्ये किमान दोन नॉटिकल मैल, अशी पायरी ठेवावी लागते.

हे आकडे आले कुठून, ते समजून घेण्यासारखं आहे. सगळं नीट चाललं तर 500 मीटरही पुरतील. अंतर लागतं ते चुकीसाठी. समजा, शेजारच्या रेषेवरचं विमान अचानक 30 अंशांनी आपल्याकडे वळलं. उतरताना त्याचा वेग सेकंदाला 75 मीटरच्या आसपास असतो, म्हणजे ते सेकंदाला 37-38 मीटर बाजूला सरकतं. रेषांमध्ये 1550 मीटर असतील तर ते आपल्या रेषेपर्यंत साधारण 40 सेकंदांत पोचेल. या 40 सेकंदांत काय काय घडायला हवं? जुन्या रडारचा ठिपका जवळपास पाच सेकंदांनी एकदा हलतो. तो वळलाय हे कळायला एक-दोन फेऱ्या जाव्या लागतात. मग नियंत्रकाने ते ओळखायचं, बटण दाबून बोलायचं, वैमानिकाने ऐकून समजायचं, ऑटोपायलट सोडवायचा, आणि उतरणीला लागलेल्या जड विमानाने पंख कलवून वर चढायला लागायचं. एवढ्यात 40 सेकंद संपत येतात. रडारचा ठिपका पाचाऐवजी एका सेकंदाने हलू लागला की वेळ वाचतो, आणि तोच वाचलेला वेळ अंतर कमी करायला वापरता येतो. 1310 चे 1035 मीटर झाले ते असे.

दोन रेषांच्या बरोबर मध्ये किमान 610 मीटर रुंदीचा एक पट्टा आखलेला असतो. त्यात कुणीही शिरायचं नाही. रडारच्या पडद्यावर तो रंगाने दाखवलेला असतो. प्रत्येक धावपट्टीसाठी स्वतंत्र नियंत्रक बसतो आणि त्याचं काम एकच, आपलं विमान त्या पट्ट्याकडे सरकत नाही ना हे बघत राहणं. टॉवरचा माणूस त्याच वेळी वैमानिकाशी बोलत असला, तरी या नियंत्रकाला त्याचा आवाज तोडून मध्ये बोलता येतं. विमान कललं तर तो आधी त्याला आपल्या रेषेवर परत जायला सांगतो. ते परतलं नाही आणि पट्ट्यात घुसलं, तर आज्ञा सुटते ती दुसऱ्या विमानाला, जे आपल्या रेषेवर अचूक आहे त्याला: ताबडतोब बाहेर वळा, वर चढा. ज्याची काही चूक नाही त्यालाच उतरणं सोडून बाजूला व्हावं लागतं, कारण चुकलेला ऐकेलच याची खात्री तेव्हा कुणाला नसते. ही तरतूद मला या सगळ्या नियमावलीतली सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट वाटते.

दोन्ही विमानं आपापल्या रेषेवर येतात ती वळणं घेत, आणि खरा धोका त्या वळणावर असतो. म्हणून रेषेवर स्थिर होईपर्यंत दोघांमध्ये 1000 फुटांचं उंचीचं किंवा तीन नॉटिकल मैलांचं अंतर ठेवलं जातं. रेषेला मिळतानाचा कोनही 30 अंशांपेक्षा जास्त असू देत नाहीत. एक विमान उंचावरून मिळतं, दुसरं खालून. वळण चुकून कुणी पलीकडे गेलं तरी ते दुसऱ्याच्या वरून किंवा खालून जातं.

भारतात या शिस्तीची किंमत 12 नोव्हेंबर 1996 च्या संध्याकाळी कळली. दिल्लीहून निघालेलं सौदीचं बोइंग 747 वर चढत होतं, कझाकस्तानचं इल्यूशिन-76 उतरत येत होतं. दिल्लीच्या पश्चिमेला येण्याजाण्याची वाट एकच होती. उतरणाऱ्याला 15,000 फुटांवर थांबायला सांगितलं होतं, चढणाऱ्याला 14,000 वर. कझाक विमान ठरलेल्या पातळीच्या खाली आलं. दिल्लीच्या नियंत्रकासमोरच्या जुन्या रडारवर ठिपके दिसत होते, पण त्यांची उंची दिसत नव्हती. उंची दाखवणाऱ्या नव्या रडारचं काम अजून पुरं व्हायचं होतं. हरियाणातल्या चरखी दादरीच्या शेतांवर 349 माणसं पडली. दोन विमानांच्या आकाशातल्या टकरीत इतके बळी त्याआधी कधी गेले नव्हते, त्यानंतरही नाहीत. न्यायमूर्ती आर. सी. लाहोटी यांच्या चौकशीने मुख्य दोष कझाक वैमानिकांच्या उंची सोडण्यावर ठेवला. येण्याच्या आणि जाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या, आणि टक्कर टाळण्याची सूचना देणारं टीकॅस हे यंत्र भारतात येणाऱ्या प्रवासी विमानांना सक्तीचं झालं.

टीकॅस आल्यावर समांतर धावपट्ट्यांचा प्रश्न संपला असं वाटण्याचा संभव आहे. तसं नाही. हे यंत्र एका विमानाला वर जा, दुसऱ्याला खाली जा असं सांगतं. जमिनीपासून साधारण 1000 फुटांच्या खाली ते असे आदेश देणं थांबवतं, कारण तिथे खाली जायला जागाच उरलेली नसते. समांतर उतरणीचा शेवटचा टप्पा नेमका त्याच उंचीत येतो. तिथे डोळे लागतात ते जमिनीवरच्या नियंत्रकाचे.

7 जानेवारी 2022 ला बंगळुरूमध्ये ते दिसलं. तिथे दुसरी, समांतर धावपट्टी 2019 च्या डिसेंबरात सुरू झाली होती. त्या सकाळी एका धावपट्टीवरून उड्डाणं आणि दुसरीवर उतरणं असं चालू होतं. मध्येच सगळी वाहतूक एकाच धावपट्टीवर आणायचं ठरलं, पण ते दक्षिणेकडच्या टॉवरच्या माणसापर्यंत पोचलं नाही. इंडिगोची दोन विमानं, एक कोलकात्याला आणि एक भुवनेश्वरला निघालेलं, दोन्ही धावपट्ट्यांवरून जवळपास एकाच क्षणी उडाली आणि एकमेकांच्या दिशेने सरकू लागली. दोन्हींत मिळून चारशेहून जास्त माणसं होती. रडारवरच्या एका नियंत्रकाच्या ते लक्षात आलं, त्याने दोघांना वेगवेगळ्या दिशांना वळवलं आणि अनर्थ टळला. धावपट्ट्या ठीक होत्या, विमानंही ठीक होती. एका माणसाने दुसऱ्याला सांगायचं राहिलं होतं.

मुंबईला आजवर ही समस्या वेगळ्या रूपात भेटली. छेदणाऱ्या दोन धावपट्ट्यांवर एकाच वेळी वाहतूक चालवायची तर प्रत्येक विमान फुलीच्या मध्याला कोणत्या क्षणी पोचेल याचा हिशेब ठेवावा लागतो. काही काळ मुंबईने तेही केलं. पण एकच मुख्य धावपट्टी घट्ट शिस्तीने चालवली तर काम अधिक होतं असं दिसून आलं. 24 नोव्हेंबर 2017 रोजी त्या एका धावपट्टीवर 24 तासांत 969 विमानं उतरली आणि उडाली, म्हणजे दर दीड मिनिटाला एक. जगातल्या एका धावपट्टीच्या विमानतळांमध्ये तो विक्रम होता, आणि पुढच्या वर्षी मुंबईने स्वतःच तो मोडला. समांतर धावपट्टीवाले जे मीटरांत राखतात ते मुंबईच्या नियंत्रकांनी सेकंदांत राखलं. त्यांचं कौतुक व्हायला हवं तेवढं महाराष्ट्रात झालेलं नाही. पण सेकंदांची ही कसरत दुसरीकडे चुकीला जागाच ठेवत नाही. 8 जून 2024 रोजी एअर इंडियाचं विमान उड्डाणासाठी धावत असताना, त्याची चाकं जमिनीवर असतानाच, इंदूरहून आलेलं इंडिगोचं विमान त्याच्या मागे त्याच धावपट्टीवर टेकलं. विक्रमांच्या बातम्यांशेजारी ही बातमीही ठेवून वाचावी.

म्हणून नवी मुंबई. जागेचा वाद बराच काळ चालला, रेवस-मांडव्याचंही नाव पुढे आलं होतं, पण सिडकोने पनवेलच्या खाडीकाठी आखलेली जागा पक्की झाली. मूळ आराखड्यात दोन समांतर धावपट्ट्यांमध्ये 1800 मीटर अंतर होतं. तेवढं अंतर ठेवायचं तर गाढी नदीचं पात्र हलवावं लागणार होतं. 2010 मध्ये केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि नागरी विमान वाहतूक मंत्री प्रफुल्ल पटेल यांच्यात यावरून उघड खडाजंगी झाली. नोव्हेंबर 2010 मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली तेव्हा धावपट्ट्या जवळ सरकवून अंतर सुमारे 1550 मीटर केलेलं होतं आणि गाढी आपल्या जागी राहिली. उलवे नदी मात्र वळवली गेली, उलव्याचा डोंगर सुरुंग लावून सपाट केला गेला आणि दहा गावांना घरं सोडावी लागली. ज्या दि. बा. पाटलांनी या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांच्या जमिनीसाठी आयुष्यभर लढा दिला त्यांचं नाव विमानतळाला मिळावं म्हणून त्याच गावांनी पुन्हा आंदोलन केलं.

1800 वरून 1550 वर येण्याने सुरक्षिततेला बाध आला का? वर सांगितलेल्या आकड्यांच्या आधारे उत्तर देता येतं. 1310 हून जास्त अंतर असल्याने दोन्ही धावपट्ट्यांवर विमानं स्वतंत्रपणे उतरवता येतील. मधला 610 मीटरचा निषिद्ध पट्टा वजा केला, तर प्रत्येक रेषेला आतल्या बाजूने 470 मीटर मिळतात. नदीही वाचली आणि नियमही पाळला गेला. त्या वेळी पर्यावरणवाल्यांनी विमानतळ अडवला असं म्हणणारे बरेच होते. माझ्या मते, त्या वादातून निघालेला हा एक निर्णय महाराष्ट्राच्या अलीकडच्या काळातल्या चांगल्या निर्णयांपैकी आहे.

विमानतळाचं उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झालं आणि 25 डिसेंबर 2025 पासून प्रवासी विमानं सुरू झाली, एका धावपट्टीवर. दुसरी पुढच्या टप्प्यात येईल. तेव्हा महाराष्ट्रात प्रथमच दोन प्रवासी विमानं एकमेकांच्या शेजारून, ढगातून, एकाच क्षणी उतरू लागतील.

पण मुंबईपुरता प्रश्न एवढ्यावर थांबत नाही, आणि इथे 1960 चं न्यूयॉर्क आठवावं लागतं. सांताक्रूझ आणि नवी मुंबई यांच्यात सरळ रेषेत पंचविसेक किलोमीटर अंतर आहे. दोन्हीकडच्या मुख्य धावपट्ट्या पूर्व-पश्चिम, एकीचा क्रमांक 09-27, दुसरीचा 08-26. म्हणजे पश्चिमेचा वारा असताना, आणि पावसाळ्यात तो असतोच, दोन्ही विमानतळांची विमानं पूर्वेकडून, सह्याद्री उतरून, जवळपास समांतर रेषांवर येणार. त्यातल्या कुणी उतरणं सोडून पुन्हा वर चढायचं ठरवलं तर ते कोणत्या बाजूला वळेल, हे दोन्ही विमानतळांनी मिळून आधीच ठरवलेलं हवं. पूर्वेला लोहगाव आहे आणि पुण्याचं आकाश हवाई दलाच्या ताब्यात आहे. पुरंदरला आणखी एक विमानतळ होऊ घातला आहे. मावळावरच्या या चिंचोळ्या आकाशात येण्याच्या आणि जाण्याच्या वाटा उंचीने आणि दिशेने वेगळ्या ठेवण्याचं काम विमानतळ बांधण्याइतकंच मोठं आहे. त्याला फीत नसते, म्हणून त्याची चर्चा होत नाही.

दुसरी धावपट्टी सुरू व्हायला अजून अवकाश आहे, आणि तोच वेळ उपयोगात आणायला हवा. दोन्ही रेषांवर नजर ठेवायला प्रत्येक पाळीत स्वतंत्र नियंत्रक लागतील. ते आजच भरती करून तयार करायला घेतले तर वेळेवर मिळतील, कारण नियंत्रक घडायला वर्षं लागतात. बंगळुरूचा प्रसंग त्यांच्या शिक्षणात असायला हवा, जुन्नर आणि पनवेलचाही. महाराष्ट्रातल्या खासदारांना माझी एक विनंती आहे. नव्या टर्मिनलमध्ये किती दुकानं असतील हा प्रश्न राहू द्या. समांतर उतरणीसाठी नियंत्रकांच्या किती जागा मंजूर आहेत, त्यातल्या किती भरल्या, आणि दोन्ही विमानतळांच्या वाटांचा सुरक्षा अभ्यास झाला का, हे संसदेत विचारा आणि उत्तर लेखी मागा.